स्कूल बोर्डाच्या निवडून आलेल्या मेंबर्सना मानधन किती असावं? कमिटीत आहे, सल्ला हवाय

मधुमालती:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (अमेरिकेत एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, तिचा कारभार निवडून आलेलं बोर्ड बघतं) पालक आणि रहिवासी मिळून नऊ जणांची एक कमिटी केलीय. काम एकच, बोर्डाच्या सात निवडून आलेल्या मेंबर्सना मानधन द्यायचं का, द्यायचं तर किती, आणि हेल्थ इन्शुरन्स वगैरे द्यायचा का हे सुचवायचं. त्या नऊ जणांत मी आहे. डिस्ट्रिक्टचं आणि राज्याचं नाव लिहीत नाही, छोटं आहे, लगेच ओळखू येईल. साधारण ९,००० मुलं, बजेट साडेचौदा कोटी डॉलरच्या आसपास. आत्ता मेंबर्सना शून्य डॉलर मिळतात, कॉन्फरन्सला गेले तर हॉटेल आणि मायलेज (गाडीच्या मैलांचे पैसे) तेवढं.

खरं सांगते, आधी मी याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मत द्यायचं आणि विसरून जायचं. कमिटीत आल्यावर वाटलं की निदान चार मीटिंगा तरी पूर्ण बसून बघू. मंगळवारी सहाला क्लोज्ड सेशन, सातला पब्लिक मीटिंग, आणि त्याची कागदपत्रं शुक्रवारी दुपारी येतात, एकदा तर ४१२ पानं होती. म्हणजे शनिवार रविवार त्यातच. एक मेंबर हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, त्या ड्युटीवरून तशाच आल्या, अंगावर स्क्रब्ज, गळ्यात बॅज, आणि पॅकेटच्या पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. स्पेशल एजुकेशनच्या बस रूटबद्दल सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनीच विचारला. पावणेअकराला त्यांचा फोन उजळला, त्यांनी तो उलटा करून ठेवला, मतदान झालं अकरा वीसला. नंतर पार्किंगमध्ये भेटल्या तर म्हणाल्या, घरी मुलांना सांभाळायला सिटर बसलीय, तासावर पैसे, या महिन्यात चार संध्याकाळींचे ३४० डॉलर झाले. पुढच्या वेळी उभी राहणार नाही म्हणाल्या. हे त्या तक्रार म्हणून नाही, नुसता हिशेब सांगावा तसं सांगत होत्या, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर माझे प्रश्न असे. महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी की मीटिंगमागे? ठरवायचं कुणी, कारण कमिटीने सुचवलं तरी शेवटी मत बोर्डच देणार, म्हणजे आपल्याच ताटात आपणच वाढून घेणार. इन्शुरन्स द्यावा का? आणि कमिटीतले एक गृहस्थ दर वेळी म्हणतात की या पैशात एक शिक्षक येईल, त्यांना काय उत्तर द्यायचं? मेंबर्सना तास लिहून ठेवायला सांगितले होते, महिन्याला २२ ते ४० भरले. मी ढोबळमानाने महिना ८०० डॉलर धरलेत, सात जणांचे वर्षाला ६७,२०० होतात.

काका_ह्यूस्टनकर:

ताई, आधी माझं मत सांगतो, मला मानधन पटत नाही. टेक्सासमध्ये कायद्यातच आहे की इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्टचे ट्रस्टी, म्हणजे बोर्ड मेंबर, विनामोबदला काम करतात. इथे हजारावर डिस्ट्रिक्ट आहेत, चिमुकल्या गावापासून ह्यूस्टन डॅलससारख्या मोठ्यांपर्यंत सगळ्यांना तोच नियम, आणि माणसं उभी राहतातच की. मी आमच्या भागात गेली सोळा वर्षं निवडणुकीत स्वयंसेवक म्हणून काम करतोय, जे चांगले ट्रस्टी पाहिले ते पैशासाठी आले नव्हते आणि पैसे दिले असते म्हणून जास्त चांगले झाले नसते. शाळेचं काम ही सेवा आहे. एकदा त्याला पगार लागला की पगारासाठी उभी राहणारी माणसं येतात, पुढच्या वेळी तो टिकवण्यासाठी मतं मागतात, आणि मग सुपरिंटेंडेंटला (डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याला) अवघड प्रश्न कोण विचारणार?

आणि शिक्षकाचा मुद्दा तुमच्या त्या गृहस्थांनी बरोबरच मांडलाय. ६७ हजार ही छोट्या डिस्ट्रिक्टला छोटी रक्कम नाही.

निळीशाई:

काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे मला असहमत व्हावंच लागेल, कारण मी स्वतः कॅलिफोर्नियात एका मध्यम डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर आठ वर्षं काढलीत, दोन टर्म.

आमच्याकडे राज्याचा तक्ता असतो, मुलांच्या सरासरी हजेरीवर. आमच्या आकाराच्या, म्हणजे हजार ते दहा हजार हजेरीच्या डिस्ट्रिक्टला महिना जास्तीत जास्त २४० डॉलर, दीडशेपेक्षा कमी मुलं असतील तर ६०, आणि हे आकडे कित्येक दशकं तसेच पडून होते. २०२५ च्या कायद्याने मर्यादा वाढवल्यात, पण माझी आठ वर्षं जुन्या तक्त्यातच गेली. बोर्डाला वर्षाला पाच टक्के वाढ करता यायची, म्हणजे १२ डॉलर. त्या बारा डॉलरसाठी आम्ही एकदा भर सभेत तासभर बोलणी खाल्ली आणि शेवटी विषय मागे घेतला. त्या तासाभरात वाचनाच्या प्रोग्रॅमवर बोलायचं होतं ते पुढच्या महिन्यावर गेलं, मला अजून ते खुपतं.

पण काका, मुद्दा हा की माणसं उभी राहतात असं तुम्ही म्हणता, कोण राहतात ते बघा. माझ्या पहिल्या बोर्डावर पाच जण होतो. दोन रिटायर्ड, एक स्वतःचं दुकान असलेले, एकीच्या नवऱ्याचा पगार भरपूर, आणि मी, माझं काम घरून चालायचं. पाचही चांगली माणसं, मनापासून काम करणारी. पण आमच्या डिस्ट्रिक्टमधल्या निम्म्याहून जास्त मुलांना फ्री किंवा कमी दरातलं जेवण मिळायचं, आणि त्या मुलांच्या आईवडिलांच्या आयुष्यासारखं आयुष्य आमच्यापैकी एकाचंही नव्हतं. शाळा सुटण्याची वेळ चाळीस मिनिटं अलीकडे आणायचं मत आम्ही पाच शून्यने दिलं. दुपारची शिफ्ट करणाऱ्या घरात त्याने काय होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, दोन आठवड्यांनी हॉल भरला तेव्हा कळलं. मूर्खपणा नव्हता तो, त्या खुर्च्यांवर तसं जगणारं कुणी नव्हतंच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर आधी घरात खायला असावं लागतं ना.

२०१० मध्ये देशभरच्या बोर्ड मेंबर्सचा एक सर्व्हे झाला होता, त्यात साधारण ६२ टक्के मेंबर्सना काहीच पगार नव्हता. तेव्हा मधुमालती, तुमचा डिस्ट्रिक्ट वेगळा नाही, बहुतेक ठिकाणी असंच आहे.

आता तुमचे प्रश्न. ठरावीक मासिक रक्कम द्या पण हजेरीला बांधा. कॅलिफोर्नियात मीटिंग चुकवली तर त्या प्रमाणात कापता येतं, आजारपण, ज्युरी ड्युटी किंवा खरी अडचण असेल तर बोर्ड ठराव करून माफ करू शकतं. हे चांगलं चालतं. नुसतं मीटिंगमागे दिलं तर स्पेशल मीटिंग, वर्कशॉप, सबकमिटी, कशाला मोजायचं यावरच भांडण. वॉशिंग्टन राज्यात दिवसाला ५० डॉलर आणि वर्षाला जास्तीत जास्त ४,८०० अशी पद्धत आहे, म्हणजे ९६ दिवसांची कमाल मर्यादा घातलीय. दिवसाप्रमाणेच द्यायचं असेल तर अशी मर्यादा हवीच.

ठरवायचं कुणी, याला लॉस एंजेलिसचं उदाहरण बघा. तिथे २००७ मध्ये मतदारांनी शहराचा चार्टर (मूळ नियमावली) बदलला आणि मेंबर्सचं मानधन ठरवायला बाहेरच्या लोकांची वेगळी कमिटी आली, ती ठरावीक वर्षांनी बसते. २०१७ मध्ये त्या कमिटीने बाहेर नोकरी नसलेल्या मेंबरचे ४५,६३७ डॉलर थेट १,२५,००० केले, नोकरी करणाऱ्यांचे २६ हजारांच्या आसपास होते ते ५०,०००. लोक भडकले, साहजिक आहे, एका फटक्यात १७४ टक्के. पण बोर्डाने स्वतःला वाढवून घेतले असं कुणाला म्हणता आलं नाही. मला यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात, ठरवणारे हात वेगळे असावेत हे त्यांनी बरोबर केलं, आणि वर्षानुवर्षं आकडा साचू द्यायचा आणि मग एकदम उडी मारायची हे टाळा. दर वर्षी शिक्षकांना कॉन्ट्रॅक्टमध्ये जेवढे टक्के वाढ तेवढीच मेंबर्सना, असं एकदाच लिहून टाका. मग दर वर्षी भर सभेत बारा डॉलरसाठी उभं राहावं लागत नाही.

काका_ह्यूस्टनकर:

शाळा सुटायच्या वेळेचं उदाहरण वाचून विचारात पडलो. आमच्याकडेही बेल टाइम बदलताना अगदी असंच झालं होतं. तरी पण सेवा आणि पगार यांत फरक राहायला हवा असं अजून वाटतं. सिटरचे पैसे, पेट्रोल, हे द्यायला माझी ना नाही. पदरमोड करून काम करा असं मी कुणाला सांगणार नाही.

हिशेबनीस:

मी सीपीए (अमेरिकेतला सीए) आहे, दोन छोट्या सरकारी संस्थांची पुस्तकं बघतो, म्हणून पैशाच्या बाजूने चार गोष्टी सांगतो ज्या कमिट्या हमखास विसरतात.

पहिली म्हणजे निवडून आलेला मेंबर टॅक्ससाठी कर्मचारी धरला जातो. मानधन म्हणा, स्टायपेंड म्हणा, भत्ता म्हणा, ते वेजेस, म्हणजे पगारच आहे, आणि त्याचा डब्ल्यू-टू (पगारदाराचा टॅक्स फॉर्म) निघतो. बऱ्याच ठिकाणी टेन-नाइन्टी-नाइन (कर्मचारी नसलेल्यांचा फॉर्म) देऊन मोकळे होतात आणि नंतर आयआरएसची, म्हणजे टॅक्स खात्याची, नोटीस येते. तेव्हा तुमच्या ६७,२०० वर डिस्ट्रिक्टचा पेरोल टॅक्सचा (पगारावरच्या टॅक्सचा) वाटा पण धरा, आणि मेंबरच्या हातात ८०० पडणार नाहीत हेही त्यांना आधीच सांगा.

काका म्हणतात तो खर्च परत करण्याचा मार्ग वेगळा आहे आणि चांगला आहे. मायलेज पावती, तारीख, कारण लिहून दिलं आणि आयआरएसच्या दराने दिलं, २०२५ मध्ये मैलाला ७० सेंट होता, तर ते उत्पन्न धरलं जात नाही. पण "महिना १०० डॉलर कार भत्ता" असं सरसकट दिलं की तो पगारच झाला. सिटरच्या पैशाचं मात्र मायलेजइतकं सोपं नाही, मुलं सांभाळण्याचा खर्च टॅक्सवाले वैयक्तिक धरतात, तेव्हा तो द्या, जरूर द्या, पण पेरोलमधून द्या आणि वकिलाला विचारून द्या.

दुसरी गोष्ट कुणीच बोलत नाही. ज्या घरातले लोक बोर्डावर यावेत असं आपण म्हणतोय, त्यांच्यातल्या कित्येकांना मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) किंवा फूड असिस्टन्स किंवा चाइल्डकेअरची सबसिडी असते आणि ती उत्पन्नावर चालते. महिना ८०० वाढले आणि त्यामुळे एखादीची सबसिडी गेली तर ती बोर्डावर येऊन आणखी गरीब होईल. माझ्या ओळखीत एका बाईंच्या बाबतीत हे होता होता राहिलं, लायब्ररी बोर्डाचं होतं ते, त्यांनी पहिला चेक घ्यायच्या आधी विचारलं म्हणून. म्हणून मेंबरला कमी रक्कम घेण्याची किंवा नाकारण्याची सोय हवी, पण ती लेखी, आणि पैसे मिळायच्या आधी. घेऊन मग डिस्ट्रिक्टला दान केले तरी ते आधी तुमचं उत्पन्नच असतं.

आता इन्शुरन्स. इथे फार सांभाळून. नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली प्लॅनचा सरासरी प्रीमियम २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता, देशभरचा आकडा आहे, केएफएफ या आरोग्यविषयक संशोधन संस्थेच्या सर्व्हेतला. तुम्ही वर्षाला ९,६०० मानधन देणार आणि त्याच्या अडीचपट किमतीचा विमा सोबत देणार, तर खरं मानधन विमाच झाला आणि तोही फक्त ज्याला घरून विमा नाही त्याला. ज्यांच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीतून विमा आहे त्यांना काहीच नाही. सात जणांत सात वेगळे पगार होतात आणि लोकांना कळतही नाही, कारण बजेटमध्ये तो आकडा बेनिफिट्सच्या ओळीत दडलेला असतो. माझा सल्ला, मेंबरला डिस्ट्रिक्टच्या ग्रुप प्लॅनमध्ये स्वतःच्या पैशाने शिरू द्या, तुमच्या इन्शुरन्स कॅरिअरला चालत असेल तर. किंवा डिस्ट्रिक्टने फक्त एकट्या मेंबरच्या प्लॅनचा ठरावीक हिस्सा द्यावा, डॉलरमध्ये लिहून, टक्क्यात नाही, म्हणजे प्रीमियम वाढला तरी आपोआप वाढणार नाही. आणि पद सोडल्यावर विमा चालू राहील असलं एक अक्षरही लिहू नका. दोन टर्म करून गेलेल्या माणसाचा विमा वीस वर्षं भरत बसलेली संस्था मी पाहिलीय, त्या पुस्तकांवर बसून माझे दोन उन्हाळे गेले.

रानवाटा:

व्हर्जिनियाहून लिहितेय. आमच्या शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत २०२३ मध्ये स्कूल बोर्डाचं मानधन ३२,००० वरून ४८,००० केलं, चेअरचं ५०,०००, पण लागू झालं जानेवारी २०२४ पासून, म्हणजे मधे नोव्हेंबरची निवडणूक होऊन गेल्यावर. मोठा डिस्ट्रिक्ट आहे, तुमच्याशी आकड्याची तुलना नको, पद्धत घ्या. ज्यांनी मत दिलं त्यांना पुन्हा लोकांसमोर जाऊन निवडून यावं लागलं, किंवा दुसऱ्यांनाच ते पैसे मिळाले. अमेरिकन काँग्रेसच्या पगारालाही हाच नियम आहे, सत्ताविसावी घटनादुरुस्ती, १७८९ मध्ये मांडलेली आणि मंजूर झाली १९९२ मध्ये. कोलोरॅडोत तर २०२१ पर्यंत बोर्ड मेंबरला मोबदला द्यायलाच बंदी होती, मग दिवसाला जास्तीत जास्त १५० डॉलर देता येतील असा कायदा आला, द्यायचं की नाही हे त्या त्या बोर्डावर सोडून.

हिशेबनीसांच्या नाकारण्याच्या सोयीबद्दल एक सांगायचंय. सोय हवीच, पण ती जाहीर होऊ देऊ नका. एका ठिकाणी मी पाहिलं, मानधन सुरू झालं आणि पहिल्याच मीटिंगला दोन सधन मेंबर्सनी माइकवर सांगितलं की आम्ही घेणार नाही, मुलांसाठी सोडतो. टाळ्या झाल्या. त्यांच्या शेजारी एक तरुण बाई बसल्या होत्या, स्कूल कॅफेटेरियातली नोकरी सोडून उभ्या राहिलेल्या, कारण डिस्ट्रिक्टची नोकरी आणि बोर्ड दोन्ही चालत नाही. त्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल खरवडत राहिल्या, मान वर केली नाही. पुढच्या महिन्यात त्यांनीही नाकारले. त्यांना ते परवडणारं नव्हतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा फॉर्म पेरोल ऑफिसला द्यायचा आणि मीटिंगमध्ये विषय काढायचा नाही. पब्लिक रेकॉर्ड मागितलं तर मिळेल, ते ठीक आहे, पण माइकवर नको.

आणि शिक्षकाचं. खोटं कशाला बोलायचं, ६७ हजारांत खरंच एक शिक्षक येतो. पण तुमचं बोर्ड साडेचौदा कोटींवर सही करतं, हे त्याच्या ०.०५ टक्क्याहूनही कमी आहे. एका बस कॉन्ट्रॅक्टचं कलम नीट वाचलं गेलं नाही तर याच्या दुप्पट जातात. फ्लोरिडाच्या कायद्यात एक चांगली जोड आहे, मेंबरचा पगार लोकसंख्येच्या सूत्राने काढायचा, पण नव्या पदवीधर शिक्षकाच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा तो जास्त असता कामा नये. तुमच्या गृहस्थांना अशी कायमची कडी चालेल का विचारा, शिक्षकाच्या वर मेंबर कधीच जाणार नाही.

मधुमालती:

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून कमिटीत नेलं आणि दोन तास त्यावरच बोललो.

काका, तुमचा मुद्दा मी सोडला नाहीये, खर्च परत करणं हे मानधनाच्या आधी वेगळं कलम म्हणून घातलंय, म्हणजे मानधन पडलं तरी तेवढं तरी उरेल. मायलेज पावतीवर, आणि मीटिंगच्या दिवशी मुलं किंवा घरातलं म्हातारं माणूस सांभाळायला कुणी ठेवलं तर तासाचे पैसे, पेरोलमधून, वर्षाला मर्यादा ठेवून. मानधन महिना ८०० वरून ७०० वर आणलं, निम्मे ठरावीक आणि निम्मे हजेरीप्रमाणे, हे मला स्वतःला फार आवडलेलं नाही पण नऊपैकी सहा जण त्यावर आले. पुढची वाढ शिक्षकांच्या कॉन्ट्रॅक्टएवढीच, आणि वर नव्या शिक्षकाच्या पगाराच्या पाव हिश्श्याची कमाल मर्यादा. लागू पुढच्या निवडणुकीनंतरच. विमा डिस्ट्रिक्टच्या पैशाने नाही, स्वतःच्या पैशाने ग्रुपमध्ये येता येईल का हे कॅरिअरला विचारलंय, अजून उत्तर नाही. नाकारायचा फॉर्म पेरोलकडे, रानवाटा म्हणाल्या तसा.

ते गृहस्थ अजून शिक्षकावरच आहेत, पण त्यांनी एक चांगलं सुचवलं, तेही मसुद्यात घेतलं, की मेंबर्सनी तासांची नोंद ठेवायची आणि ती वर्षातून एकदा वेबसाइटवर टाकायची. म्हणाले, लोकांनी ४१२ पानं बघितली तर कदाचित माझंही मत बदलेल.

एक राहिलंय. उमेदवारीचा अर्ज भरायची शेवटची तारीख ऑगस्टमध्ये आहे आणि बोर्ड यावर मत देणार जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी. मी त्या नर्स बाईंना मसुदा पाठवला. त्यांचं उत्तर आलं की त्या या विषयावर मतच देणार नाहीत कारण त्यांना फायदा होऊ शकतो. मत पुढच्या टर्मबद्दल असेल आणि त्या अजून उभ्याही नसतील, तर त्यांनी बाजूला होणं गरजेचं आहे का, कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. त्या बाजूला झाल्या तर तीन विरुद्ध तीन होतंय.

निळीशाई:

सगळ्या मेंबर्सना सारखाच लागू होणारा मोबदला असेल तर आमच्याकडे त्यासाठी बाजूला होत नसत, पण तुमच्या राज्याचं वेगळं असू शकतं. बोर्डाच्या वकिलाकडून लेखी मत मागवा, आणि ते जूनमध्येच मागवा, जुलैत सुट्टीमुळे कुणी सापडत नाही. आणि विनंती त्या बाईंनाच करू द्या, कमिटीने नको.